पाचपैकी तीन स्टार

हसणार नसाल तर सांगतो. सूनबाईची नोकरी गेली, तेव्हा तिने इथे लीड्समध्ये घरूनच पुरणपोळ्या विकायचं ठरवलं. सोशल मीडियावर पेज काढलं. आठवडा गेला, तरी एकही ऑर्डर नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, पहिला रिव्ह्यू तुम्ही लिहा. लोकांचा विश्वास बसेल."

मी लिहिला. "पोळी बरी आहे. वेलची कमी पडली. तिचे सासरे." आणि पाचपैकी तीन स्टार दिले.

सूनबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बाबा, तीन? आता कोण घेणार माझ्याकडून?"

"बरी आहे असं लिहिलंय ना? आमच्या आईच्या पोळीला वडील याहून जास्त कधी म्हणाले नाहीत."

"अहो बाबा, इथे तीन म्हणजे नापास!" मुलगा ओरडला. "बदला ते."

"मी चौथीपर्यंतच शिकलोय, पण खोटं लिहिलेलं नाही. बदलणार नाही."

दोन दिवस घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सूनबाईचा फोन वाजला. कोणी मराठी बाई होत्या. सूनबाईने स्पीकर लावला.

"ते रिव्ह्यूवाले तुमचे सख्खे सासरे का हो?"

"हो," सूनबाई खालच्या आवाजात म्हणाली.

"आणि त्यांनी स्वतःच्या हाताने 'बरी आहे' लिहिलं?"

"हो."

"अगं, माझ्या सासऱ्यांनी तीस वर्षांत माझ्या हातच्या कशालाच बरं म्हटलं नाही. दोन डझन पाठव."