पदरातली पुडी

आमच्या मायचं सांगतो. लातूरच्या डॉक्टरांची साखरेची गोळी तिला चालू हाय. परवा रेणापूरला घरी बसल्या बसल्या तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, मला ओळखंना. जीप करून लातूर गाठलं. वाटभर मी तिला नुसत्या हाका मारत राहिलो.

ग्लुकोज चढल्यावर तिनं डोळे उघडले. डॉक्टरांनी विचारलं, "साखर एवढी खाली कशी गेली? गोळीशिवाय आणखी काही घेता का?"

मी न्हाई म्हणणार, तेवढ्यात मायनं पदराची गाठ मुठीत दाबली. सोडवून बघतो तर आत गावातल्या वैद्यांची पुडी. तीबी साखरेच्याच औषधाची!

"महिना झाला," माय पुटपुटली.

"मग मला सांगितलं का नाही?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, साहेब."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजी, अर्ध्या माझ्याकडं येता, अर्ध्या त्यांच्याकडं. जीव जाता जाता राहिला. इथून पुढं दोघांकडं अख्ख्या जा, काय काय घेता ते दोघांनाही सांगा."

मायनं मान हलवली. तेव्हा कुठं मला जरा धीर आला.

डॉक्टर बाहेर गेले तशी तिनं मला जवळ बोलावलं. "इथं आणलंस ते वैद्यांना सांगू नको, बाबा. त्यांना लई वाईट वाटंल."