अंगणापुरती गाडी

नाही नाही, बॉनेट उघडू नका भाऊ, मीच सांगतो. कुंदननं, माझ्या पोरानं, मोबाइलवर जाहिरात टाकली — एकदम टकाटक म्हणून. कसली टकाटक? थू! तुम्ही धुळ्याहून उन्हातान्हात फैजपूरला आलात, तुम्हाला फसवून मला कुठं जायचं? या लोटननं केळीच्या घडात कधी खराब फणी लपवली नाही, तर ही काय लपवू? हिचा गिअरबॉक्स — ऑटोमॅटिक, म्हणजे आपल्या हातात काहीच नाही — तिसऱ्यात अडकला की अडकला. जळगावचा मिस्त्री म्हणतो टर्बो गेला, नाशिकचा म्हणतो इंजेक्टर — आणि दोघंही खरे निघाले! वरचं काचेचं छप्पर गळतं, एवढ्या मोठ्या गाडीत छत्री धरून बसा. गिअरबॉक्सचे साडेतीन लाख सांगितले, दुरुस्त होत नाही म्हणे, बदलावाच लागतो — तेवढ्यात माझ्या बागेची बठ्ठी, सगळीच्या सगळी ठिबक नवी झाली असती. आणि वायरिंग — ते पाप आमचंच. दसऱ्याला पूजा म्हणून कुंदननं केळीवर फवारायच्या पंपानं इंजिन धुतलं. ट्रॅक्टर तसाच धुतो ना आपण? ट्रॅक्टरला काही होतं का? नाही होत. ही महाराणी नारळ फोडेपर्यंतही थांबली नाही — सगळे लाल दिवे लागले आणि बसली. झेंडूचा हार घालून नाशिकपर्यंत टोचन!

घेतली कशाला? शेती करणाऱ्या पोराला पोरगी कोण देतं हो? मध्यस्थ म्हणाला, आबा, अंगणात मोठी गाडी दिसू द्या — दिसू दिली! मेहरूणच्या तलावावर पोरगा-पोरगी भेटले, नूतन नाव तिचं, समजदार पोरगी, कुंदनला फार आवडली — घरी सोडायला निघाला तर रस्त्यातच बंद. पोरगी उतरून ढकलायला लागली, हसत होती म्हणे. तिच्या बापाला मात्र हसू आलं नाही. संपलं. तेव्हापासून कुंदन जेवतानाही मान वर करत नाही, आणि मी सकाळी दार उघडलं की पहिलं हिचं तोंड — किळस येते भाऊ, किळस.

काय म्हणता? व्याह्यांकडं अशीच पांढरी आहे, त्यांच्या तोडीची पाहिजे? पांढऱ्या बठ्ठ्या सारख्याच दिसतात. आणि या तोडीच्या नादातच तर वाटोळं झालं! माझा साला — बोदवडचा भाईदास — त्याच्या योगराजसाठी पाहुणे यायचे होते, तर ही मागून नेली. भुसावळपर्यंत चालली, पुढं ट्रॅक्टरनं ओढली, पुसून अंगणात लावली. आमच्याकडं आता हेच चाललंय — ज्याच्या घरी पाहुणे, त्याच्या अंगणात गाडी. हिला उभं राहायलाच येतं! पोरीच्या बापानं म्हणे आत बसून फोटो काढून घेतला. चावी फिरवून बघावी? नाही बघितली. पोराला नोकरी आहे का, विचारलं? तेही नाही. असल्या बापाची मला तर गाडीपेक्षा जास्त किळस येते — पोरगी द्यायची का पत्र्याला? साखरपुडा झाला, पुढच्या महिन्यात लग्न, आणि भाईदास सांगतो गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. ही बघा सर्व्हिसिंग — कोंबड्या बसतात हिच्यावर!

पोरीचं नाव? तुम्हाला कशाला... दिपमाला. बिचारी शिकलेली आहे, तुमच्या धुळ्याचीच —

मोबाइल काय दाखवता भाऊ, थांबा, चष्मा... हां. हो, हीच. हीच गाडी, भाईदासचंच अंगण. आणि आत बसलेत ते...

भाऊ, मी आपलं बोललो... भाऊ, बसा तरी.

कुंदनची माय, चहा राहू दे. पाहुणे बोदवडला निघाले.