पापड कुठल्या बाजूला

शैलजा: म्हणजे मी फितूर. सरळ म्हण ना तसं.

केदार: आई, मी असं म्हटलेलं नाही. मी फक्त विचारतोय, या आठवड्यात पद्मिनीमावशीशी फोनवर तू काय काय बोललीस.

शैलजा: तिचा गुडघा, तिची सून आणि ओक ट्री रोडवर महागलेले आंब्याच्या रसाचे डबे. अजून काही? समोर पोहे गार होऊन राहिले आणि हा आईची उलटतपासणी घेतोय.

केदार: मावशी पार्सिपनीला राहते. काल ज्यांनी आम्हाला हरवलं त्या ओक हॉलोची अर्धी टीम त्याच बाजूची आहे.

शैलजा: पद्मिनीला अजून वाटतं की अमेरिकन फुटबॉलसुद्धा पायाने खेळतात.

रवींद्र: तिचं अगदीच चूक नाही म्हणा. नावावरून तसंच वाटतं.

केदार: बाबा, जोक नको. काल आम्ही नुसते हरलो नाही, त्यांनी आम्हाला उघडं पाडलं. मी साइडलाइनवरून ‘चटणी’ ओरडलो, की आमचा मुलगा बॉल घेऊन डावीकडे पळणार. तर तो हलायच्या आधी त्यांचे सगळे आमच्या डावीकडे! ‘भाजी’ म्हटलं, सगळे उजवीकडे. ‘भात’ म्हटलं, मध्ये भिंत. ही टेप बघा ना, बघा. रिवाइंड करा.

रवींद्र: बघतोय. योगायोग असू शकतो. डावं, उजवं आणि मध्य. तीनातलं एक बरोबर येणारच.

केदार: प्रत्येक वेळी?

रवींद्र: सँपल लहान आहे.

केदार: एकतीस-सहाने हरलोय आम्ही. अजून किती मोठं सँपल पाहिजे?

शैलजा: ओरडू नकोस त्यांच्यावर. मला सांग, तुमच्या टीममधला तो टायरोन काल ‘लोणचं’ म्हणाला का? गेल्या वेळी इतकं गोड म्हणाला होता. वाटलं, त्याला घरी बोलवून जेवायला घालावं.

केदार: म्हणाला. आणि लोणचं म्हणून डावीकडे गेला आणि तिघांनी मिळून त्याला खाली पाडलं. रेफरीने मला विचारलं, ही आंटी कोण, तिला सारखी का हाक मारताय? मी म्हटलं, सर, आंटी नाही, आमटी.

रवींद्र: हाताचे इशारेच ठेवायला हवे होतेस.

केदार: ते त्यांनी गेल्या वर्षी चोरले! म्हणून तर ताट काढलं मी. आख्ख्या न्यू जर्सीत कुठल्या कोचला माहीत असणार, की मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डावीकडे वाढतात आणि भाजी, आमटी, उसळ उजवीकडे? टीमच्या मुलांनाही माहीत नाही. त्यांनी फक्त शब्द पाठ केलेत.

शैलजा: मी शिकवलेलं वाढणं कुठे कामाला आलं बघा. सुनेसाठी शिकवत होते, तर निघाला फुटबॉल.

केदार: आई, हसण्यासारखं नाहीये हे. डॉनेलीने काल पार्किंग लॉटमध्ये मला थांबवलं. हेड कोच आहे तो, त्याचा शब्द शेवटचा. म्हणाला, भाषा तुझ्या घरातली, म्हणजे गळतीही तुझ्या घरातली. सोमवारपर्यंत सांग कुठून गेलं, नाहीतर थँक्सगिव्हिंगच्या मॅचला कॉल मी देणार. तू बाजूला उभा राहून पाण्याच्या बाटल्या मोज.

शैलजा: बाटल्या? सहा वर्षं राबलास त्याच्याकडे!

केदार: सहा वर्षं प्रॅक्टिसच्या डमी उचलल्या, मैदानावर चुना मारला, तेव्हा या सीझनला पहिल्यांदा कॉल द्यायला मिळाले. एकदा काढून घेतले की परत नाही देणार तो. मला माहितीये तो कसा आहे.

रवींद्र: तुमच्या टीममध्ये तो नील आहे ना? गुजराती मुलगा?

केदार: त्याचं काय?

रवींद्र: काही नाही. त्याच्या आईचं पार्लर आहे. पार्लरमध्ये काय वाटेल ते बोललं जातं.

शैलजा: अहो, पार्लरमध्ये काय बोलतात ते तुम्हाला कसं ठाऊक?

रवींद्र: साधारण कल्पना असते माणसाला.

केदार: नीलला आमटी म्हणजे डाळ, एवढंच कळतं. ती कुठे वाढतात ते त्याला सात जन्मात कळणार नाही.

रवींद्र: मग बस ड्रायव्हर. तो जाता-येता सगळं ऐकतो.

केदार: तो पोलिश आहे, बाबा.

रवींद्र: मी शक्यता मांडतोय. प्रत्येक शक्यता तपासून बाद करायची असते, अशीच पद्धत आहे.

केदार: सकाळपासून तुम्ही एकेकाचं नाव सुचवताय. आधी म्हणालात योगायोग, मग पार्लर, आता बस ड्रायव्हर. आणि काल हाफटाइमला उठून तुम्ही कुठे गेलात?

रवींद्र: गाडी गरम करायला.

केदार: अख्खा सेकंड हाफ?

रवींद्र: थंडी होती.

शैलजा: मी दोन स्वेटर घालून कुडकुडत तिथे बसले होते हो. मला नाही बोलावलंत गाडीत.

रवींद्र: तुला मॅच बघायची होती.

शैलजा: मला? मला तर बॉल कुणाकडे आहे तेसुद्धा कळत नाही. लोक उठले की मी उठते.

केदार: बरं, तुम्ही सेकंड हाफ बघितलाच नाही ना? मग ऐका, खरी गंमत तिथे आहे. हाफटाइमला मी बोर्ड पुसला. मुलांना म्हटलं, आता एक नवा शब्द. आजपर्यंत कधीच वापरलेला नाही. पापड. पापड म्हटलं की डावीकडे पळायचं.

रवींद्र: पापड?

केदार: हो. मी ‘पापड’ म्हणून ओरडलो, आणि ओक हॉलोचे सगळेच्या सगळे आमच्या उजवीकडे धावले. आमचा मुलगा डावीकडून एकटा निघाला. त्याच्या वाटेत चिटपाखरू नव्हतं. चालत गेला असता तरी टचडाउन झाला असता.

शैलजा: तोच ना तो, सगळे नाचले तेव्हाचा? मग चांगलंच झालं की.

केदार: चांगलं कसलं, आई! तो शब्द त्यांना कुणी सांगूच शकत नव्हतं, आमच्या मुलांनाच दहा मिनिटांपूर्वी कळला होता. तरी ऐकल्याबरोबर त्यांच्याकडे उत्तर तयार! म्हणजे आमची शब्दांची यादी फुटलेली नाही. त्यांच्याकडे अख्खं ताट गेलंय. कुणीतरी त्यांना बसून ताट समजावून दिलंय, वाढून दाखवावं तसं.

शैलजा: आणि या घरात ताट वाढते मी. म्हणून संशय माझ्यावर.

केदार: मग मी अजून कोणावर घेऊ?

शैलजा: थांब जरा. कुठे धावले म्हणालास?

केदार: उजवीकडे.

शैलजा: पापड ऐकून उजवीकडे?

केदार: हो, आई. तेच तर सांगतोय.

शैलजा: पापड कुठे वाढतात, केदार?

केदार: डावीकडे. तूच शिकवलंस.

शैलजा: मी शिकवलं तर डावीकडेच. पद्मिनीला विचार, डावीकडे म्हणेल. माझ्या नागपूरला डावीकडे, ह्यांच्या पुण्यालाही डावीकडे. माझ्याकडून ताट गेलं असतं, तर ओक हॉलोची पोरं बरोब्बर डावीकडे येऊन उभी राहिली असती आणि तुझा तो एक टचडाउनही झाला नसता. पापड उजवीकडे मागणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितलाय.

(रवींद्र टेप थांबवतात आणि रिमोट खाली ठेवतात.)

रवींद्र: पापड उजव्या हाताने मोडायचा असतो. डावीकडे ठेवला तर हात ताटावरून आडवा न्यावा लागतो आणि बाही आमटीत बुडते. हे साधं लॉजिक आहे.

शैलजा: लग्नाच्या पंगतीत हेच लॉजिक ऐकवलं होतं आमच्या आत्याला. ती आजपर्यंत तुमच्याशी धड बोलत नाही.

केदार: बाबा.

रवींद्र: हो.

केदार: कुणाला सांगितलंत?

रवींद्र: गुरुनाथला.

केदार: कोण गुरुनाथ?

रवींद्र: पार्सिपनीचा. मंडळाच्या दिवाळीला पिस्कॅटवेच्या हॉलमध्ये जेवताना शेजारी बसला होता. चांगला माणूस आहे, टेलिकॉममध्ये होता. मी त्याला कागदी ताटलीवर पेनाने सगळं काढून दाखवलं. चटणी इथे, भाजी इथे. पापडसुद्धा काढला, चित्र पूर्ण व्हावं म्हणून.

केदार: तुम्ही आमचा अख्खा ऑफेन्स ताटलीवर काढून दिलात?

रवींद्र: त्याचा मुलगा ओक हॉलोच्या बचावात लाइनबॅकर आहे, हे मला काय माहीत! काल हाफटाइमला समोरच्या स्टँडमध्ये गुरुनाथ दिसला. ओक हॉलोची टोपी घालून. त्याने मला हात हलवला.

शैलजा: म्हणून गाडी गरम करायची होती.

रवींद्र: कसाबसा गाडीपर्यंत गेलो.

केदार: आणि सकाळपासून नीलच्या आईचं पार्लर! बस ड्रायव्हर! मी आईला काय काय बोललो, तुम्ही समोर बसून ऐकत होतात!

शैलजा: पोहे खात होते. दोनदा वाढून घेतले.

रवींद्र: ते माझं चुकलं. सांगणार होतो. तू दारातून आत आलास, तुझा चेहरा बघितला आणि ‘योगायोग’ म्हणून मोकळा झालो.

केदार: मला कळत नाही, बाबा. तुम्हीच का? तुम्ही तर माझा विषयसुद्धा काढत नाही कोणाकडे. लोकांनी विचारलं की मी ‘एज्युकेशन फील्डमध्ये’ असतो. मी जिम शिकवतो, फुटबॉल कोच करतो, हे तुमच्या तोंडून मी कधीच ऐकलेलं नाही. आसावरीकाकूंना वाटतं मी प्रिन्सिपल आहे!

रवींद्र: प्रिन्सिपल मी म्हटलं नव्हतं.

शैलजा: त्या म्हणाल्या तेव्हा नाही पण म्हटलं नाहीत. मी होते तिथे.

रवींद्र: बरं. नाही म्हटलं.

केदार: मला किती लागायचं ते माहितीये? मी ऐकायचो आणि पुढच्या वेळी गाडीतच बसून राहायचो, आत यायचो नाही.

रवींद्र: माहीत नव्हतं.

शैलजा: मला होतं. मी सांगितलं होतं तुम्हाला.

रवींद्र: सोमवारी मी येतो तुझ्याबरोबर. डॉनेलीला माझं नाव सांग. मी त्याच्यासमोर उभा राहून सांगतो, की यात मुलाचा दोष नाही. त्याला काय बोलायचंय ते मला बोलू दे.

केदार: तो एवढ्यावर नाही सोडणार. कसं गेलं, का गेलं, सगळं विचारेल. ठीक आहे, मी सांगेन की समोरचा माणूस चलाख निघाला. गोड बोलून काढून घेतलं त्याने. त्याने खोदून खोदून विचारलं असणार ना तुम्हाला? आमच्या मॅचबद्दल, माझ्या कॉलबद्दल?

रवींद्र: नाही.

केदार: बाबा, आठवून बघा. काहीतरी विचारलंच असेल.

रवींद्र: एकच विचारलं त्याने. मुलगा काय करतो.

केदार: आणि?

रवींद्र: आणि मग जेवण उरकेपर्यंत त्याला काही विचारायला मिळालंच नाही. मीच बोलत होतो.