गाडीला बोटीचा रंग

टाउन्सव्हिलमधल्या रंगाच्या दुकानात रांग तसूभर हलत नव्हती. कुंपणाच्या रंगासाठी ताटकळलेल्या नोरीनच्या पुढेच दोन भाऊ भांडत होते. धाकट्याच्या हातात बोटीच्या फायबरचा तुकडा होता.

"वेडा झालास का, डॅरिल? एवढी नटवलेली गाडी पुन्हा रंगवणार?"

"बोटीच्या रंगात. शनिवारी गाड्यांचं प्रदर्शन आहे, ब्रेट. गाडीमागे बोट जोडली की दोन्ही एकाच रंगाची दिसायला हवीत."

"अरे, गाडीला जुळणारी बोट करायची होती ना!"

"रंग बाबांनी कालवला. साच्यात आधी रंग जातो, मग फायबर. बोट बाहेर काढल्यावर कळलं, निळ्याऐवजी हिरवट आलीय."

"मग सांग म्हाताऱ्याला."

"काय सांगू? जन्मभर बोटी रंगवल्यात आणि आता तुम्हाला निळा कळत नाही?"

"हेच सांग. डोळे गेलेत त्याचे."

"साचा उघडताना तू कुठं तोंड लपवलं होतंस? बाबा बोटीवर हात फिरवत होते. म्हणाले, 'जुळला ना रे?' मी म्हटलं, 'अगदी.'"

"ठाऊक आहे त्याला."

"काय?"

"रंग चुकलाय ते. काल मला म्हणाला, 'डॅरिलच्या आवाजावरून कळलं. मला कळलंय हे त्याला सांगू नकोस.'"

"मग बोललास कशाला, हरामखोरा?"



"पुढचे कोण?" काउंटरवरची बाई ओरडली. "कुठला रंग?"

डॅरिलनं हातातला हिरवट तुकडा पुढे सरकवला.

"हाच."