खडखडणारी हार्ड डिस्क आणि आमच्या घरातले तज्ज्ञ

...नाही, तुम्हीच सांगा मला, कॉम्प्युटरला कुणी तेल घालतं का? तेल! शिवणयंत्राचं! तुम्हाला सांगतो, रविवारी सकाळी मी दात घासत बाहेर येतोय आणि बघतो तर काय, आमचे बाबा कॉम्प्युटरचा डबा आडवा पाडून, झाकण काढून, तेलाच्या बुधलीची चोच थेट हार्ड डिस्कवर रोखून बसलेले! मी तोंडातल्या फेसासकट ओरडलो, "अहो थांबा!" तर म्हणतात कसे, "तू आधी तोंड धू. आवाज करतंय म्हणजे कोरडं पडलंय. छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो मी!"

आता खडखड होत होती, मी कुठे नाही म्हणतोय? पंधरा दिवस होत होती. सुरू केला की घर्रर्र... खडखडखड... घर्रर्र... टेबलावर ठेवलेला चष्मा आपसूक कडेपर्यंत चालत जायचा. पण म्हणून तेल? अहो, त्या डिस्कच्या आत तबकड्या फिरतात, धुळीचा एक कण आत शिरला तरी कारभार आटोपतो, तिथे हे पाव वाटी तेल सोडणार! मी म्हटलं, आधी आतला माल दुसरीकडे उतरवून घेऊ, मग आवाज शोधू. पण माझं ऐकतंय कोण? मी पडलो कॉलेज सोडलेला!

आणि आतला माल म्हणजे काय, गाणी-सिनेमे नाहीत हं. आईचं 'मापं' नावाचं फोल्डर! आई शाळेचे गणवेश शिवते. साडेतीनशे पोरांच्या छात्या, बाह्या, कंबरा, सगळं तिने एका बोटाने टाइप केलेलं, आणि शाळा उघडायला उरलेत तीन आठवडे. तुम्ही म्हणाल, वह्या असतील की! होत्या. रद्दीत गेल्या. का? तर बाबा म्हणाले, "आता कॉम्प्युटर आहे ना, मग कागदाचा पसारा कशाला?" घरातले सगळे मोठे निर्णय मोठी माणसं घेतात आणि निस्तरायला मात्र आम्ही नालायक!

तर बाबा भडकले. बुधली खाली आपटली आणि म्हणाले, "एवढं कळतंय ना तुला? मग कर! नीट करून दाखवलंस तर पुढची खोली तुझी, टाक तुझं ते रिपेअरिंगचं दुकान. पण हिची मापं गेली, तर उद्या मुकाट्याने कॉलेजचा फॉर्म भरायचा. परत तोंड वर करून बोलायचं नाही."

मी वर्षभर ती खोली मागत होतो! म्हटलं, कबूल.

पण सुखाने करू देतील तर शपथ! ताईने लगेच दाजींना फोन लावला. दाजींकडे डिग्री आहे आणि ऑफिसात काचेची केबिन आहे, त्यामुळे त्यांना सगळं कळतं. स्पीकरवरून आवाज आला, "हे बघ, बेसिकली ना, फॉरमॅट मार. विंडोज नव्याने टाक." आणि सगळं घर माना डोलावतंय! मी म्हटलं, दाजी, फॉरमॅट मारलं तर आईचं सगळं पुसलं जाईल, आणि हा आवाज कानाला ऐकू येतोय, विंडोजला काय खोकला झालाय? तर म्हणे, "मोठ्यांशी असं बोलतात?" तेवढ्यात काका पुढे सरसावले. "सरक, जुनी वस्तू आहे, तिला जुनं औषध." आणि दिली ठेवून डब्याला एक सणसणीत! ...आवाज बंद! काकांनी मिशीवरून हात फिरवला. चार सेकंद. मग घर्रर्र... खडखडखड...

मी सांगत होतो, हात लावू नका. पण माझं ऐकतंय कोण?

शेवटी सगळ्यांना ढकलून मी पेनड्राइव्ह लावला. तुम्हाला सांगतो, ती हिरवी पट्टी... ऐंशी टक्के... नव्वद... सत्त्याण्णव... आणि तिथेच बसली ठिय्या देऊन! आई ओल्या हातांनी पाठीमागे. "सातवीतला तो जाडा आला का रे? त्याचं माप परत घ्यायला गेले तर त्याची आई भांडते माझ्याशी." मी म्हटलं, आई, जाडा आहे, वेळ लागणारच! आणि... आला! शंभर! साडेतीनशेच्या साडेतीनशे!

मग मी शांतपणे बसलो. डब्यातल्या पंख्याची वायर क्षणभर काढली, खडखड तशीच. डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर चालवलं, ते म्हणतं, तब्येत ठणठणीत. मग नुसती चार बोटं डिस्कवर दाबली. गप्प. उचलली... खडखड. दाबली... गप्प. वाकून बघतो तर चार स्क्रूंची जागा आणि स्क्रू एक! ती बिचारी एका पायावर उभी राहून पंधरा दिवस थरथरतेय!

"हा डबा कुणी उघडला होता?" मी विचारलं. बाबा छताकडे बघायला लागले. आईने तोंड उघडलं, "हेच धूळ काढत होते की, ब्रशने, पंधरा दिवसांपूर्वी..." बाबा म्हणाले, "अरे, एकावर धरत होतं! मग तीन जास्तीचे झाले. जपून ठेवलेत, फेकले नाहीत!" आणि खरंच, कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. वर चिठ्ठी, 'जास्तीचे'. आत मिक्सरचे, घड्याळाचे, खुर्च्यांचे... आमच्या घरात एकही वस्तू सरळ उभी का राहत नाही, ते मला त्या दिवशी कळलं!

तीन स्क्रू पिळले. बटण दाबलं. चिडीचूप. आणि बाबा सगळ्यांकडे वळून म्हणतात, "बघा! मी म्हणत नव्हतो, दोष यंत्रात आहे, त्या विंडोजमध्ये नाही?" आता बोला!

पण माणूस शब्दाचा पक्का, हे मान्य करायला हवं. खोली मिळाली, दुकान सुरू झालं. फक्त पहिल्या दिवशी आत जातो तर मालकाच्या खुर्चीत बाबा! "तुझ्याकडे डिग्री नाही, गिऱ्हाईक भरवसा कुणावर ठेवणार? माझ्या छत्तीस वर्षांवर!" भिंतीला हजेरीचा तक्ता. नऊला सही. काल स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत, अकरा पावलं, यायला नऊ वाजून चार मिनिटं झाली, तर माझ्या नावापुढे लाल फुली! मी भांडलो, वाट्टेल ते बोललो, पण माझं ऐकतंय कोण?

कॉलेजात निदान मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्या नावाला 'हजर' तरी म्हणायचं!