सटुप्पाच्या बंदुकीची बुटकी माशी

खट्ट.

एवढाच आवाज. गोळी नळीत घ्यायला बंदुकीची खिट्टी मागं ओढून पुढं सारली की होतो तो. ऐका, किती पावसाळे गेले, पण अजून रात्री कुणी दाराची कडी लावली तरी मी दचकतो. ते लाकूड जरा आत ढकल रे, धूर डोळ्यांत येतोय.

सटुप्पा माझा मित्र. त्याचं रताळ्याचं रान ओढ्यापलीकडं. रानडुकरं एका रात्रीत सगळं उकरून टाकायची, म्हणून परवाना काढून त्यानं बंदूक घेतली. ती दुर्बिणीची. वर दुर्बीण बसवायची, तिच्यातून नेम धरायचा. खांद्याला लावायचा लाकडी दस्ताही त्याच बेतानं उंच केलेला. गाल टेकला की डोळा बरोबर दुर्बिणीपाशी. नळीच्या टोकाला नेम धरायचा लोखंडी टिपका असतो ना, माशी म्हणतात ती, ती नाहीच.

आता ओढ्याच्या वाटेवर चकवा आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. नसलेलं दाखवतो. पहिल्याच हंगामात सटुप्पानं दुर्बिणीतून डुक्कर पाहिलं, गोळी झाडली, आणि सकाळी बघतो तर दगड. झालं. म्हणाला, चकवा काचेत बसतो, लोखंडाला मात्र भितो. दुर्बीण काढून पेटीत टाकली. टोकाला लोखंडी माशी आणि मागं लोखंडाची खाच बसवायचं ठरवलं.

लोहार म्हणाला, दस्ता उंच आहे, तर माशी आणि खाचही उंच करू. सटुप्पाला ते कोंबड्याच्या तुऱ्यासारखं दिसतं म्हणे. आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीला होती तशी बुटकीच हवी. मी सांगितलं, लोहारानं सांगितलं. धाकट्या भावानं, नागोजीनं, तर हात जोडले. म्हणाला, "दादा, गाल टेकला की डोळा खाचेच्या वरच राहतोय. नेम धरणार कसा?"

ऐकेल तर तो सटुप्पा कसला. सगळा पावसाळा लोहाराच्या भात्यापाशी वाद घालण्यात गेला. आणि बसवली ती बुटकीच.

मग एका अवसेला, दिवस मावळल्यावर, आम्ही दोघं राखणीला निघालो.

ऐका. त्या वाटेवर बोलायचं नाही, कुकारा घालायचा नाही, हा आपला रिवाज. आवाज दिला की चकवा तोच आवाज घेतो. आम्ही गप चाललो. वाकडा बेहडा मागं पडला. थोड्या वेळानं परत तोच बेहडा. चालतोय, चालतोय, आणि पुन्हा बेहडा. मग बॅटरी पिवळी पडली. मग उजवीकडं डुक्कर घुरघुरलं. वळलो तर डावीकडं. मग अगदी मागं. पोटरीला ऊन श्वास लागला.

मग ते समोर आलं. वाटेच्या मधोमध. सुळे पांढरे. मीही पाहिलं, बाळांनो. डुक्करच होतं.

सटुप्पानं खिट्टी ओढून पुढं सारली. खट्ट.

गाल टेकवला. खाचेत माशी दिसेना. गाल दाबला, मान वाकडी केली, दस्ता काखेजवळ घेतला. माशी काही खाचेत येईना. मला भुताची भीती होतीच, पण त्या घडीला राग आला तो ह्या माणसाचा. किती सांगितलं होतं. शेवटी तोही वैतागला. गाल उचलला आणि नुसत्या डोळ्यांनी नळीवरून बघितलं.

बघितलं, आणि बंदूक खाली आली.

मागं ओढ्याच्या पाण्यातून काहीतरी जड धावत गेलं, तसा चकवा सुटला. समोर दोन पायांवर नागोजी उभा. एका हातात विझलेला कंदील, दुसऱ्यात भाकरीचं गाठोडं. आम्ही भाकरी घरीच विसरलो होतो, म्हणून पोर अंधारात मागनं आलं होतं, आणि आम्ही चकव्यात उलटे फिरून त्याच्याच समोर आलो होतो. रिवाज पाळून, तोंडातनं शब्द न काढता.

सटुप्पा मला म्हणतो, "बघितलंस? लोखंडानं वाचवलं."

आता काय बोलावं ह्याला? दुर्बीण असती तर गोळी गेली असती. माशी उंच असती तरी गेली असती. माशी खाचेत आली नाही म्हणून भाऊ जगला, आणि हा लोखंडाचं कौतुक सांगतो.

ती वाट तुम्ही धरू नका. रताळी डुकरांना खाऊ द्या. लांबच्या पुलावरनं जा, पाय दुखले तर दुखू द्या.

त्या रात्री नागोजीनंही ती खट्ट ऐकली होती. त्याला ती ओळखू आली होती. त्यानं बंदुकीकडं पाहिलं, मग दादाकडं. दादा माशीवरनं अंगठा फिरवत होता. नागोजीनं वाट पाहिली. मग भाकरीचं गाठोडं दगडावर नीट ठेवलं, फडक्याची गाठ घट्ट केली, आणि आल्या वाटेनं निघून गेला.