चढावरचं बाक

आणि फोन यावा तो कधी, तर मी तिच्या औषधांच्या उरलेल्या पट्ट्या टेबलावर पसरून बसलोय, सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या, कशासाठी ते विचारू नका, दुकानदार परत घेत नाही, दुसऱ्या कुणाच्या उपयोगाच्या नाहीत, टाकवतही नाहीत... आणि तिचा मोबाइल वाजला. माझा नाही, तिचा. तो मी रोज चार्ज करतो, तेही का ते विचारू नका. साधा मंगळवार हो, नळाला पाणी, दारात पेपर, सगळं जागच्या जागी, आणि तिकडून आवाज, "बाई आहेत का? पालिकेतून बोलतोय. तुमचं बाक मंजूर झालं."

आता तुम्हीच सांगा, यावर माणसानं काय बोलावं? बाईंना, म्हणजे आमच्या हिला, जाऊन महिनाही व्हायचा होता. मी आपलं म्हणालो, "बाहेर गेल्यात."

"बरं बरं. आल्या की कळवा."

बघा. तिथला माणूस कुठलाही असो, शिपाई असो नाहीतर साहेब, वाक्याचा शेवट ठरलेला. कळवा. कळवत राहा.

तुम्हाला सांगतो, या दोन शब्दांनी आमच्या घराचे मंगळवार खाल्ले. झालं असं, की फार पूर्वी कधीतरी रस्त्यावर पाणी तुंबलं म्हणून ही पालिकेत गेली, आणि साहेबांनी तिला वाटेला लावायला म्हटलं, "बरं झालं सांगितलंत बाई, असंच कळवत राहा." आता हे का खरं धरायचं असतं? "या कधीतरी घरी" म्हटल्यावर कोणी पिशवी भरून येतं का? पण हिनं धरलं. दर मंगळवारी स्वयंपाक उरकला की चप्पल पायात, पाण्याची बाटली पिशवीत, आणि निघाली साहेबांना कळवायला. सगळं जग तिथे भांडायला जातं, ही माहिती द्यायला जायची. तीसुद्धा त्यांच्याच कामांची.

"साहेब, शाळेमागचा तुमचा खड्डा खणून झालाय हं."

"कुठला खड्डा?"

"तुमचाच. पाइप टाकायला खणलाय. पाइप मात्र पलीकडच्या गल्लीत उतरवलेत. तिथे खड्डा नाही, इथे पाइप नाहीत. जरा दोघांची भेट घालून द्या."

साहेब बिचारे कारकुनाकडे बघणार, कारकून छताकडे. मी तिला म्हणायचो, "अगं, तू त्यांची कोण लागतेस? पगारी नोकर का बिनपगारी सासू?" तर म्हणायची, "अहो, त्यांना बिचाऱ्यांना सांगतं कोण?" मी पेपर वाचायचो.

आणि एवढ्या गावच्या उठाठेवीत तिचं स्वतःचं मागणं एकच, चढावर एक बाक. बाजारातून आमच्याकडे यायचं तर तो चढ आहे, पाहिलाय तुम्ही? नसेल पाहिला तर बघू नका. सायकलवालेसुद्धा तिथे उतरतात आणि आपण कुठे जातोय याचा विचार करतात. हिला दम लागायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालणं सोडू नका, पण मध्ये बसत चला. बसत चला म्हणे. कुठे बसणार? डॉक्टरांच्या मांडीवर? मग हिनं कळवलं. साहेब म्हणाले, "बाई, बाक बसवण्याची तरतूद सपाट जागेवर आहे. चढावर तरतूद नाही."

"सपाट जागेवर दम लागत नाही ना, साहेब."

"ते बरोबर आहे तुमचं. कळवत राहा."

राहिली कळवत. बाक कधी उद्यान खात्यात असायचं, तर उद्यानवाले म्हणायचे चढावर झाड कुठंय, कधी रस्ते खात्यात, तर रस्तेवाले म्हणायचे आम्ही माणसं चालवतो, बसवत नाही. ती घरी येऊन साभिनय सांगायची, मधेच थांबायची, श्वास घ्यायची, पुढे सांगायची. हसतानाही थांबावं लागायला लागलं, तेव्हा मला... असो. नंतर दवाखाना, नंतर ते सगळं. ते काही मी तुम्हाला सांगत नाही.

तर तुम्ही म्हणाल, फोनवर सरळ सांगायचं की, बाई गेल्या. सांगतो का नाही सांगितलं ते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दाराशी दिवा मागितला होता. मागता मागता आजोबा गेले. त्यांच्या मुलानं भाबडेपणानं जाऊन सांगितलं, वडील वारले, दिव्याचं बघा. कारकून म्हणाला, अरेरे, वाईट झालं, आणि तक्रार निकाली काढली. तक्रारदार मयत. ज्याला अंधार सोसत नव्हता तोच गेला, मग दिवा कुणासाठी? मुलानं नव्यानं मागावा, रांगेत शेवटून उभं राहून. मुलगा अजून चाचपडत कुलूप उघडतो.

म्हणून म्हणालो, बाहेर गेल्यात. दुसऱ्या फोनला, बहिणीकडे गेल्यात. तिसऱ्या फोनला, तिथून भाचीकडे. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही सरकारशी खोटं बोलताय." म्हटलं, "बाळ, ते आमच्याशी इतकी वर्षं बोलतायत, मी कधी मनावर घेतलं का?" ती फोनवर हसली. मग म्हणाली, "बाक होईपर्यंत हं, बाबा."

मग एक दिवस जागा बघायला आले, साहेब, कारकून आणि टेपचं एक टोक धरायला एक गृहस्थ. साहेब म्हणाले, "जागा तक्रारदारानं दाखवायची असते. बाई कुठायत?" म्हटलं, "भाचीचं बाळंतपण आहे, मी दाखवतो." आणि तुम्हाला सांगतो, मी चढावर उभा राहिलो आणि मला जागा दाखवता येईना. ही थांबायची ते ठाऊक होतं, पण नेमकी कुठे? मी पिशव्या घेऊन पुढे असायचो ना. वर पोचून वळून बघितलं की ती यायचीच, आपल्या पायांनी, पदरानं वारा घेत. टेपवाले गृहस्थ टेप धरून उभे. साहेबांनी घड्याळ बघितलं.

तेवढ्यात चढाच्या मध्यावरचा शिंपी हातातल्या सुईसकट दुकानातून बाहेर आला. त्याला सगळं ठाऊक, हिला पोचवायला तो आला होता. मी मनात म्हटलं, आटोपलं, आता हा म्हणणार, बिचाऱ्या गेल्या हो, आणि बाक निकाली. शिंप्यानं माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "इथे थांबतात बाई. आत बसा म्हटलं तर बसत नाहीत. म्हणतात, दम नाही हो लागला, तुमची मशीन बघतेय." मग म्हणाला, "माझी मशीन काय बघायची? वर्षानुवर्षं तीच मशीन."

साहेब म्हणाले, "परत कधी येणार बाई?"

"येतील की," शिंपी म्हणाला, आणि खाली मान घालून सुईत दोरा ओवायला लागला. सुईत दोरा आधीच होता.

बाक झालं. झालं हो, खरंच झालं. पण कसं? तरतूद सपाट जागेवरची, चढ तर काही सपाट नाही. मग यांनी काय करावं? आधी सपाट जागा बांधली. चढावर एक ओटा, ओट्यावर बाक, आणि ओट्यावर जायला तीन पायऱ्या, चांगल्या उंच, गुडघ्याला कुठे दुखतं ते विचारून बांधल्यासारख्या. म्हणजे ज्याला चढानं दम लागलाय त्यानं आधी आणखी तीन पायऱ्या चढायच्या आणि मग निवांत दम खायचा. मी साहेबांना म्हटलं, "अहो, या पायऱ्या..." ते म्हणाले, "पायऱ्यांना कठड्याची तरतूद आहे. कळवत राहा."

हसा, हसा. ही असती तर लोळली असती. कारकुनाची नक्कल, साहेबांची नक्कल, टेपवाल्याची तर न बोलणारी नक्कल. त्या संध्याकाळी मी घरी येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि "अगं ऐकलंस का" एवढं तोंडातून गेलंसुद्धा.

बरं, संपलं म्हणावं, तर नाही. पुन्हा तिचा मोबाइल. कारकून. "बाईंचा फोटो राहिला."

"कसला फोटो?"

"लाभार्थी बाकावर बसल्याचा. चेहरा स्पष्ट हवा. त्याशिवाय काम पूर्ण दाखवता येत नाही, दर बैठकीत मोठे साहेब आमच्या साहेबांना विचारतात, बाकाचं काय? आमचे साहेब सांगतात, प्रगतिपथावर आहे. बांधून झालेलं बाक किती दिवस प्रगती करणार?"

मुलगी म्हणाली, मावशीला बसवा, तोंडावळा सारखाच आहे. म्हटलं, चेहरा स्पष्ट हवा म्हणतात, आणि तुझी मावशी हसली की वेगळीच दिसते. मग आमचं ठरलं, बाक झालंय, आता ते कोणी उपटून नेत नाही, आता खरं सांगून टाकायचं. म्हणून एका मंगळवारी मी गेलो. चप्पल पायात, पाण्याची बाटली पिशवीत. चढ उतरून, कारण पालिका खाली आहे, उतरताना कुणाला दम लागत नाही.

आत गेलो तर कारकून उभाच राहिला. "या या. बाई नाही आल्या? अहो, त्या येत नाहीत तेव्हापासून आम्हाला काही समजत नाही. शाळेमागचा खड्डा बुजवला म्हणे आम्ही. खरं का?"

म्हटलं, "बुजवला. पाइप न टाकता."

"बघा, हे असं कोणी सांगतच नाही." त्यानं खिडकीजवळची खुर्ची रुमालानं पुसली. "बसा. बाईंची खुर्ची ही. त्या नसताना दुसरं कोणी बसायला गेलं तर मी उठवतो."

मी बसलो. मनात वाक्य तयार होतं. छोटंसंच वाक्य आहे, तीन-चार शब्दांचं, मुलीपुढे म्हणूनही बघितलं होतं. तेवढ्यात साहेब आले, थकलेले, हातात चहाचा कप, आणि मला बघून खुलले. "अरे वा, बाईंनी तुम्हाला पाठवलं? छान. त्यांना सांगा, कोपऱ्यावरचा दिवा बसवलाय आम्ही. पण लागतो का, ते त्यांनी बघून कळवलं की मला खात्री. बाकी कुणाचं मी धरत नाही."

आता बघा. समोर माणूस उभा आहे, साऱ्या गावात त्याचा एकाच माणसावर विश्वास आहे, आणि ते माणूस... मी म्हणालो, "सांगतो."

येताना चढ. शिंपी दारात होता, हातानं म्हणाला, बसा जरा. मी ओट्यापर्यंत गेलो, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि काढला. तो म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, तुमची मशीन बघतोय."

तर तेव्हापासून हे असं चाललंय. कोपऱ्यावरचा दिवा लागतो, कळवलं. शाळेमागचा रस्ता पुन्हा खणायला लागेल, कळवलं. खालच्या मुलाच्या दाराशी अंधार आहे, तो मी तिच्याच नावानं कळवला, तिच्या नावावर कामं लवकर होतात. बाकावरचा फोटो राहिलाय. आणि ती गेली, तेवढं कळवायचं राहिलंय.